रॅमजेट क्षेपणास्त्राच्या छेददर्शी प्रतिकृतीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकमधील आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीचे विद्यार्थी स्वनातीत रॅमजेट क्षेपणास्त्राची लाकडी छेददर्शी प्रतिकृती करीत असून, तिच्या अंतर्गत मांडणीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. याच प्रकारच्या ब्राह्मोस क्षेपणास्त्रासाठी फेरबदल केलेल्या सुखोई-३० एमकेआय विमानाने २०१६ च्या जूनमध्ये नाशिकजवळच्या ओझरहूनच क्षेपणास्त्रासह उड्डाण केले होते, त्यामुळे मुलांना या विषयाचे भलतेच अप्रूप आहे.

रॅमजेट इंजिनमध्ये हवा दाबणारा फिरता कॉम्प्रेसर नसतो, वेगामुळेच हवा दाबली जाते आणि म्हणून सुरुवातीचा वेग घन इंधनाच्या बूस्टरने, म्हणजे जोड रॉकेटने, द्यावा लागतो, एवढे मुलांना उमगले आहे. खरी अडचण जागेची आहे. ब्राह्मोसमध्ये हवा नाकातील शंकूभोवतीच्या कड्यासारख्या फटीतून आत येते, त्यामुळे लक्ष्य हुडकणारे शोधकयंत्र त्या शंकूतच बसवावे लागते आणि इंधनाची जागा हवेच्या वाटेशी जुळवून घ्यावी लागते. फ्रान्सच्या एएसएमपी या रॅमजेट क्षेपणास्त्रात मात्र हवा बाजूच्या दोन नळ्यांतून येते, नाक मोकळे राहते, शिवाय बूस्टरचे इंधन ज्वलनकक्षातच भरलेले असल्याने ते जळून गेल्यावर तीच पोकळी रॅमजेटच्या कामी येते. शिकवायला मला ही मांडणी सोपी वाटते. मुलांचा हट्ट अर्थातच ब्राह्मोसचा.

सुमारे दीड मीटरच्या प्रतिकृतीत शंकूमागे हवेची वाट रुंदावताना प्रमाणात दाखवावी, की ठळक दिसावी म्हणून थोडी वाढवावी? तसेच ज्वलनकक्षात ज्योत टिकवून धरणारे अडथळे पाहणाऱ्याला पटकन कळतील असे कसे दाखवता येतील?