बळ वापरायची मुभा असूनही ५०० शांतीसैनिक ओलीस का गेले? (सिएरा लिओन, २०००)

उत्तररात्र:
सिएरा लिओनच्या यादवीबद्दल (१९९१–२००२) वाचतोय. सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर १९९९ मध्ये ठराव १२७० करून युनामसिल ही यूएनची शांतीसेना पाठवली. नागरिकांच्या रक्षणासाठी तिला यूएन सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली बळ वापरायची मुभा होती. तरी मे २००० मध्ये आरयूएफच्या (रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) बंडखोरांनी सुमारे ५०० शांतीसैनिक धरून नेले. मग जानेवारी २००२ पर्यंत त्याच सेनेच्या देखरेखीखाली ७२ हजारांवर लढवय्यांनी हत्यारं खाली ठेवली. मधल्या काळात नेमकं काय बदललं? 'ब्रिटिश आले म्हणून' एवढ्यावर समाधान होत नाही.

नकाशेवाला:
ठरावातलं ते कलम पूर्ण वाचा. नागरिकांचं रक्षण करायचं ते आपल्या कुवतीनुसार आणि जिथे तैनाती आहे तिथेच. ग्यानबाची मेख त्या 'कुवती'त आहे. मंजूर संख्या आधी ६,०००, फेब्रुवारी २००० मध्ये ११,१००. पण बटालियन येत होत्या तुकड्या-तुकड्यांनी, आणि काहींकडे धड वाहनं नव्हती की वायरलेस संच. यूएनचं स्वतःचं सैन्य नसतं. देश माणसं आणि सामान देतो, यूएन माणशी दरमहा ठराविक रक्कम आणि सामानाचं भाडं देते. सामान बंद पडलेलं निघालं तर भाडं कापता येतं, पण त्याने गोळीबारात चिलखती गाडी मिळत नाही.

याहून मोठी चूक मांडणीची. सरकार आणि आरयूएफमधला जुलै १९९९ चा लोमे शांतता करार सगळे पाळताहेत, असं गृहीत धरून कंपन्या मकेनी, मग्बुराका, कैलाहुन अशा विखुरल्या, कारण शस्त्रं गोळा करायची ती बंडखोरांच्याच मुलखात. कंपनी म्हणजे शे-सव्वाशे माणसं. एक रस्ता तोडला की रसद बंद, आणि सोडवायला जाईल असं राखीव दल जवळपास नव्हतंच. जानेवारीत गिनीच्या तुकडीकडून बंडखोरांनी रायफली आणि चिलखती गाड्या काढून घेतल्या होत्या, तोच इशारा पुरेसा होता. त्यात नायजेरियाच्या नेतृत्वाखालचं इकोमॉग, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य, नेमकं तेव्हाच माघारी जात होतं.

ठिणगी पडली मकेनीत. वरिष्ठांना न विचारता दहा बंडखोर बंदुका देऊन मोकळे झाले. आरयूएफचे लोक यूएनच्या शस्त्रं गोळा करण्याच्या केंद्रावर चालून आले: माणसं परत द्या, बंदुकाही द्या. कुमक म्हणून निघालेली झांबियाची बटालियन नुकतीच देशात उतरली होती. ती वाटेतच अडकली आणि तिच्या चिलखती गाड्याही बंडखोरांच्या हाती गेल्या.

पूर्वसीमा:
सगळ्यांनीच हत्यारं दिली असं मात्र नाही. कैलाहुनला भारताच्या ५/८ गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्यांना वेढा पडला. बंदुका ठेवा आणि जा, ही अट त्यांनी मानली नाही आणि ७५ दिवस तळ सोडला नाही. १५ जुलैला ऑपरेशन खुकरी सुरू झालं. आधी ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरांनी तिथले ११ लष्करी निरीक्षक उचलले, मग कंपन्या वेढा फोडून पेंडेम्बूच्या रस्त्याला लागल्या, तिथून दारू नावाच्या गावातल्या तळावर. ऐन पावसाळा. ढग खाली उतरलेले, त्यामुळे एमआय-३५ हेलिकॉप्टरांना उशीर, आणि कच्च्या रस्त्यावर चिखल. विखुरलेली तुकडी बाहेर काढायला किती बळ एकवटावं लागतं, हे त्यात दिसतं. हे बळ मेमध्येच हाताशी असायला हवं होतं.

नेतृत्वातला बेबनावही विसरू नका. युनामसिलचे सेनापती, भारताचे मेजर जनरल विजय जेटली यांचं नायजेरियाच्या अधिकाऱ्यांवर आरोप करणारं टिपण सप्टेंबरमध्ये फुटलं, नायजेरियाशी वाद चव्हाट्यावर आला आणि भारताने आपले सुमारे ३,००० जवान परत बोलावले. एवढ्या भांडणात कुठलंच सैन्य एकदिलाने लढत नाही.

उत्तररात्र:
मग ब्रिटिशांचा वाटा किती?

नकाशेवाला:
त्यांनी वेळ मिळवून दिला. मेमध्ये पॅराट्रूपर लुंगी विमानतळावर उतरले, फ्रीटाउन सावरलं, पुढे सरकारी सैन्याला प्रशिक्षण दिलं. ते यूएनच्या हुकमाखाली मात्र कधीच आले नाहीत. बंडखोरांचा कणा मोडला तो पैशाच्या बाजूने. जुलै २००० मध्ये ठराव १३०६ ने कच्च्या हिऱ्यांवर बंदी आली, मार्च २००१ मध्ये ठराव १३४३ ने लायबेरियावर निर्बंध, कारण तिथला अध्यक्ष चार्ल्स टेलर याच्याकडून आरयूएफला शस्त्रं मिळत होती. शेजारच्या गिनीनेही त्यांना झोडपलं. त्याच मार्चमध्ये युनामसिलची मर्यादा १७,५०० झाली आणि या वेळी तुकड्या एकामागून एक जिल्हा ताब्यात घेत पुढे सरकल्या.

हत्यारखाना:
निःशस्त्रीकरण मे २००१ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हा क्रम पक्का होता. एका जिल्ह्यात सरकारी बाजूची नागरी सेना आणि आरयूएफ, दोघांचं एकाच वेळी, म्हणजे कुणी एकटा निहत्था होत नाही. केंद्रावर बंदूक खोलून परत जोडून दाखवायची, मग नोंद, ओळखपत्र, मुलं वेगळी काढायची.

यात एक वाईट भोक राहिलं. कमांडरने बंदूक आधीच काढून घेतलेल्या, किंवा स्वयंपाक आणि ओझी वाहण्यासाठी पळवून नेलेल्या मुली या चाचणीत बसतच नव्हत्या. कितीतरी जणी यादीबाहेर राहिल्या, हे मला या यशावरचं सगळ्यात मोठं लांछन वाटतं.

चाचणी सैल केली तर उलटं होतं. लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये शीफलिनच्या छावणीत अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं उसळली, जागा आणि अन्न पुरेना, पैशावरून दंगल झाली आणि काम एप्रिल २००४ पर्यंत थांबलं. पुढे तिथे १५० गोळ्या आणणाऱ्यालाही लाभ मिळू लागला. नोंदणी लाखावर गेली, हत्यारं जमली सुमारे २८ हजार. सिएरा लिओनमध्ये ७२ हजार माणसांमागे ४२ हजार. म्हणून कुठल्याही अहवालात माणसांच्या आकड्याशेजारी हत्यारांचा आकडा आधी शोधा.