मदत हवी आहे : परवा मतमोजणी, व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची जुळणी बघायला आत कसं जायचं?

वाडीकर
परवा मोजणी आहे. शेवटी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर छापून पेटीत पडतात त्या) मोजून मशीनशी जुळवतात, ते मला समोर उभं राहून बघायचंय. कचेरीत दोनदा जाऊन आलो, असा पास नसतो म्हणतात. नागरिक म्हणून कुठल्या कलमाखाली अर्ज करू? प्लीज चर्चा नको, उपाय सांगा.

सुपारी_कातर
निवडणूक कसली ते लिहायचं राहिलं. नगरपरिषद, झेडपी, पंचायत समिती असेल तर विषयच मिटला. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या, आणि महाराष्ट्रात त्यांना व्हीव्हीपॅट जोडतच नाहीत. चिठ्ठीच नाही तर जुळवणार काय?

गणिती
कुठलीही असो, पाच केंद्रं म्हणजे थट्टा आहे. मतदारसंघात ३०० केंद्रं धरा. ३ मशीन गडबड असतील तर ५ च्या नमुन्यात त्यातलं एखादं सापडायची शक्यता सुमारे ५ टक्के. ३० गडबड असली तरी जेमतेम ४१. आधी एकच केंद्र होतं, एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच केली. पण नमुना मताधिक्यावर ठरायला हवा, सरसकट पाच नव्हे.

वाडीकर
विधानसभेची पोटनिवडणूक. गणित नकोय हो.

सतरा_सी
कलम शोधू नका, नाहीये. मोजणीच्या जागी कोण जाऊ शकतं ते निवडणूक नियम १९६१ च्या नियम ५३ मध्ये आहे : निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने नेमलेले कर्मचारी, आयोगाने परवानगी दिलेले लोक, ड्यूटीवरचे शासकीय कर्मचारी, उमेदवार, त्यांचे निवडणूक प्रतिनिधी आणि मतमोजणी प्रतिनिधी. 'नागरिक' त्यात नाही. तुम्हाला शेवटचंच दार उरतं.

दोन गोष्टी सांगा. कोणी उमेदवार ओळखीचा आहे का? आणि नोकरी सरकारी आहे का? असेल तर विसरा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४अ लागतं, तीन महिने कैद होऊ शकते.

डेन्वरवासी
इकडे कोलोरॅडोत उलट आहे. २०१७ पासून राज्यभर 'जोखीम-मर्यादित' तपासणी होते. दहा बाजूंचे फासे सर्वांसमोर टाकून वीस अंकी बीज, म्हणजे सोडतीचा सुरुवातीचा आकडा, काढतात. त्यावरून संगणक कोणत्या पेटीतली कितवी मतपत्रिका काढायची ते ठरवतो, आणि कोणीही बघायला येऊ शकतो. बीज जाहीर असल्याने ती यादी घरी बसूनही तयार करता येते. मताधिक्य कमी तर नमुना मोठा. गणिती म्हणतात ते हेच.

सुपारी_कातर
छान. त्यांनी परवा डेन्व्हरला यायचं का?

वाडीकर
मित्र अपक्ष उभा आहे. त्याने मोजणीच्या १४ टेबलांवरच्या प्रतिनिधींची नावं आधीच दिली, त्यात मी नाही. नोकरी खासगी कंपनीत.

सतरा_सी
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! उपाय आहे.

मित्राने आधीच्या एका प्रतिनिधीची नेमणूक नमुना १९ भरून रद्द करायची आणि त्या जागी तुमच्या नावाने नमुना १८ द्यायचा. नमुना १८ दोन प्रतींत, उमेदवाराची सही, तुमची सही, फोटो. एक प्रत अधिकाऱ्याकडे राहते, दुसरी तुम्ही आत जाताना दाखवायची. परवा सकाळची वाट बघू नका, उद्या कार्यालय उघडताच जा, कारण ओळखपत्र तिथूनच बनतं.

नाना_कारकून
चुकीची आशा लावू नका. नावं आणि फोटो मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत द्यायचे असतात. ती मुदत काल गेली.

सतरा_सी
नाना, ती मुदत मूळ यादीची. रद्द करून बदली देणं मोजणी सुरू होईपर्यंत चालतं. एकदा सुरू झाली की मग मात्र नाही. आयोगाच्या उमेदवारांसाठीच्या हस्तपुस्तिकेत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारीच आहेत.

नाना_कारकून
मान्य, पण कारकून पहिली तारीखच दाखवणार. हस्तपुस्तिकेचं ते पान छापून न्या, तोंडी वाद घालू नका.

ॲड_घाटमाथा
माझ्या मते खरी तपासणी मशीनच्या मेमरीची. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून ५ टक्के मशीन तपासून घेऊ शकतो. शुल्क २०२४ मध्ये मशीनमागे ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० होतं. तपासतात मशीन बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते.

सुपारी_कातर
वकीलसाहेब, अपक्ष तिसरा आला तर बघू.

सतरा_सी
वाडीकर, आत काय बघायचं ते लिहून घ्या. मोबाइल चालत नाही. पेन, कोरा कागद, नमुना १७ सी (केंद्रावर किती मतं पडली त्याचा केंद्राध्यक्षाने दिलेला हिशोब) च्या प्रती न्या.

पाच केंद्रं निवडायची सोडत शेवटच्या फेरीनंतर होते, म्हणजे बाहेर गुलाल सुरू झालेला असतो आणि बरेच प्रतिनिधी निघून गेलेले असतात. तुम्ही हलू नका. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं, मधोमध केंद्राचा क्रमांक, प्रत्येक आकडा किमान एक इंच, काळ्या शाईत. एकूण केंद्रं तितकी कार्डं. प्रत्येक कार्ड प्रतिनिधींना दाखवून, आकडा दिसणार नाही अशी चार घड्या घालून मोठ्या डब्यात. डबा हलवायचा, मग अधिकारी पाच उचलतात. दाखवण्याची पायरी घाईत गाळली जाते. तिथे बोला, नंतर बोलून उपयोग नाही.

मोजणी जाळीच्या बूथमध्ये, बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारख्या. तुम्ही जाळीबाहेर. आत उमेदवारांच्या नावांचे कप्पे, नोटाचाही. चिठ्ठ्या वेगळ्या करून २५-२५ चे गठ्ठे. पाचही मशीन एकामागून एक होतात, एकेकाला तासभर धरा, जेवून जा. मशीन चालू करताना निघालेल्या सात चाचणी चिठ्ठ्या मतांच्या नसतात, त्या कप्प्यात जाऊ देऊ नका.

फरक निघाला तर बहुतेक वेळा कारण मतदानाच्या दिवशी सकाळचं अभिरूप (सरावाचं) मतदान. किमान ५० मतं टाकून दाखवतात. नंतर कंट्रोल युनिटमधून (मशीनचा मतं साठवणारा भाग) ती पुसायची राहिली की मशीनचा आकडा जास्त येतो. चिठ्ठ्या पेटीतून काढून काळ्या पाकिटात घालायच्या राहिल्या तर चिठ्ठ्या जास्त. फरक ५० च्या आसपास दिसला की आधी हेच तपासा. १७ सी मधला चाचणी मतांचा (मतदाराच्या तक्रारीवरून टाकलेल्या) रकानाही बघा, ती वजा होतात.

बॅटरीवाला
दिवसभर चालून मशीनची बॅटरी ९९ टक्के कशी, ते कोणी विचारत नाही!

नाना_कारकून
२०२४ च्या हरियाणा निवडणुकीच्या वेळी आयोगाने खुलासा केला होता : व्होल्टेज ७.४ च्या वर असेल तोवर पडद्यावर ९९ च दिसतं. टक्केवारी मोबाइलसारखी उतरत नाही. वेगळा धागा काढा.

वाडीकर
आणि फरक राहिलाच तर? मशीनचाच आकडा धरतात ना?

नाना_कारकून
हो, अधिकृत मोजणी मशीनचीच.

सतरा_सी
नाही. त्या केंद्राच्या चिठ्ठ्या पुन्हा मोजतात, आकडा मशीनशी किंवा आधीच्या चिठ्ठी-मोजणीशी जुळेपर्यंत. तरी फरक राहिला तर नियम ५६डी(४) प्रमाणे चिठ्ठी वरचढ, नमुना २० मध्ये (निकालपत्रक) तसा बदल होतो. याच नियमात आणखी केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायचा लेखी अर्ज आहे. नमुना २० चे आकडे वाचून दाखवल्यानंतर लगेच द्यायचा. उमेदवार हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधीही देऊ शकतो. मंजूर करणं अधिकाऱ्याच्या हातात, पण नाकारायचं कारण लेखी द्यावं लागतं. अर्जाचा मसुदा हाताने लिहून खिशात ठेवा.

नाना_कारकून
बरं, ५६डी मान्य.

वाडीकर
काम झालं! आधी नाहीच म्हणाले, पान दाखवल्यावर घेतलं. बिल्ल्यावर टेबल ९ आहे. पण १७ सी च्या प्रती मित्राकडे ३१२ पैकी २७ च केंद्रांच्या आहेत. बाकी ठिकाणी त्याचा मतदान प्रतिनिधीच नव्हता.

सतरा_सी
जाळीचा बूथ कुठल्या टेबलाचा करणार ते आत गेल्यावर लगेच विचारा. नऊ नसेल तर त्या टेबलाला बसलेल्या तुमच्याच माणसाशी बिल्ल्याची अदलाबदल अधिकाऱ्याला सांगूनच करा, परस्पर नको.

गणिती
सोडतीतल्या पाचांपैकी एकतरी त्या २७ मधलं निघायची शक्यता सुमारे ३७ टक्के. म्हणजे बहुधा हातात कागद नसेल. आज रात्री दुसऱ्या उमेदवारांच्या लोकांकडून १७ सी च्या भाग १ चे आकडे उतरवून घ्या. केंद्राध्यक्षाने सगळ्यांना एकाच मजकुराची प्रत दिलेली असते.

वाडीकर
या गणिताचा उपयोग झाला. दोन पक्षांकडे फोन केलेत, एक जण वही घेऊन या म्हणालाय.