उष्णतेत जनुक वाढलं, म्हणजे तेच सहनशीलतेचं?
कुणी विचारलंय, रोपांत ३८ अंशांना एचएसएफ कुटुंबातलं (उष्णतेत इतर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांचं) एखादं जनुक वाढलेलं, म्हणजे जास्त चालू झालेलं दिसलं, तर सहनशीलतेसाठी तेच निवडायचं का? एवढ्यावर नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात या कुटुंबात २१ जनुकं आहेत. त्यांतली एचएसएफए१ ही मुख्य कळ, पण ती उष्णतेत फारशी वाढत नाहीत. त्यांची प्रथिनं आधीपासून असतात, एचएसपी७० आणि एचएसपी९० ही इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिनं त्यांना दाबून ठेवतात. उष्णतेने इतर प्रथिनं बिघडली की हे दोघे तिकडे वळतात आणि ए१ मोकळी होतात. भरमसाट वाढतं ते एचएसएफए२, म्हणजे परिणाम. शिवाय ए१ चार आहेत, एक बंद केलं तर बाकीची काम निभावतात. एकेरी म्युटंटमध्ये (एकच जनुक बंद केलेल्या रोपात) फरक दिसला नाही म्हणून जनुक निकामी ठरवू नका.

चाचणी दोन प्रकारे घ्या: थेट ४५ अंश, आणि आधी ३७-३८ अंशांना तासभर, मग २२ अंशांना दोन तास, मग ४५. रोपांची प्लेट नीट बंद करून वॉटर बाथमध्ये ठेवा. हवेच्या इनक्युबेटरमध्ये तापमान सावकाश चढतं, तेवढ्यात रोपं सरावतात आणि ‘थेट’ चाचणी थेट राहत नाही. आठवड्याने हिरवी रोपं मोजा. जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या क्यूपीसीआरला तुलनेसाठी स्थिर धरल्या जाणाऱ्या एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका, उष्णतेत तेही हलू शकतं.