चिमणी उंच करून धूर कमी होत नाही

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांना चिमण्या उंच करायला लावा, म्हणजे शेजारच्या सिडको वसाहतीतल्या गच्च्यांवर काजळी पडणार नाही, असं कुणीतरी सुचवलंय. अर्धंच पटतं. उंचीमुळे धूर पातळ होऊन लांब जातो, घटत नाही. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर, एवढंच.

बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं यंत्र, बसवलाय का, इतकं विचारूनही भागत नाही. सातपूरच्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघायचो. पिशव्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक दाखवणारा गेज तिथे होता. साधारण १०० ते १५० मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका फरक असला की ठीक. तो चढत गेला तर पिशव्या तुंबल्या. मग हूडची, म्हणजे भट्टीवरचा धूर खेचून घेणाऱ्या झाकणाची, ओढ कमी होते आणि धूर शेडच्या दारांतून, पत्र्यांच्या फटींतून निघतो. चिमणीची तपासणी मात्र झकास पास! आकडा एकदम घसरला तर बहुतेक पिशवी फाटलेली. गोची अशी की फाटल्यावर ओढ उलट चांगली लागते, आतल्या कामगारांना बरंच वाटतं, त्यामुळे कुणी बोलत नाही. कारखान्यात जाणार असाल तर या गेजची नोंदवही मागा. महिनाभर रोज एकच आकडा दिसला, तर गेजकडे कुणी बघतच नाही.