दमा, एलएसडी आणि उंदीर

‘एलएसडीने श्वास मोकळा होतो, दम्यावरही चालेल’ असं एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या द्रव्याबद्दल एकांनी लिहिलंय. अहो, ती बातमी उंदरांची! २०१५ साली अमेरिकेत, लुइझियानात, डीओआय नावाचं त्याच जातीचं (सायकेडेलिक) द्रव्य अगदी कणभर दिल्यावर उंदरांच्या श्वासनलिकांची सूज आटोक्यात राहिली. नशा येण्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा, आणि ते एलएसडी नव्हतंच.

अफू, मॉर्फिन मेंदूतलं श्वसनकेंद्र मंदावतात. एलएसडी किंवा काही अळंब्यांतलं सायलोसायबिन सहसा तसं करत नाहीत, हे मान्य. पण घाबरगुंडी उडाली की धाप लागतेच. डीएमटी हे त्याच जातीचं आणखी एक द्रव्य तर बहुधा ओढूनच घेतात, आणि फुप्फुसाला धूर तो धूरच.

एलएसडीवर बंदी आल्यावर मनोविकारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव ग्रोफ यांनी नुसत्या जोरकस श्वासाने तशी अवस्था आणायचं तंत्र काढलं. आमचा भाचा बाणेरला असल्याच एका वर्गाला गेला. अर्ध्या तासात ओठांना मुंग्या, बोटं कोंबडीच्या पायासारखी आखडलेली! रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला की असं होतं. गडी घाबरून आईला फोन लावायला गेला, तर बोटांनी नंबरही दाबता येईना.

मी जुना दमेकरी. दिवाळीत पेठेत फटाके सुरू झाले की इनहेलर खिशात आणि खिडक्या बंद.