तेरा-दोनची नोटीस लागलेला फ्लॅट थेट मालकाकडून घ्यावा का?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार. सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीतील दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. आसपासचे व्यवहार ८० लाखांच्या घरात होत असताना मालक ६८ लाखांना द्यायला तयार आहेत. फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा दारावर कागद फाडून काढल्याची चौकोनी खूण होती आणि कोपऱ्यात डिंकासकट अर्धी ओळ शिल्लक होती. एजंटने "जुनी जाहिरात असेल" असे सांगितले. मात्र सोसायटीच्या सचिवांनी त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. ती सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) खालील बँकेची मागणी नोटीस होती, तिच्यात ४६ लाखांहून अधिक रक्कम मागितली होती आणि तिला आता चाळीस दिवस झाले आहेत.

मालकांनी ही गोष्ट नंतर मोकळेपणाने मान्य केली. त्यांचा व्यवसाय बसला असून फ्लॅट लिलावात जाण्याआधी विकावा अशी त्यांची इच्छा आहे. एजंटची योजना अशी: आम्ही १० लाख इसार मालकांच्या खात्यात भरायचा, त्यातून ते थकलेले हप्ते भरतील, आम्हाला नोटरीसमोर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र करून देतील आणि बँकेचे मिटल्यावर खरेदीखत होईल. मालक खोटे बोलत आहेत असे वाटत नाही. तरीही या व्यवहारात कायद्याच्या दृष्टीने आमचे काय अडकू शकते, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त वसुलीवाला

माझी बरीच वर्षे बँकेच्या वसुली विभागात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मालक प्रामाणिक आहेत की नाहीत, हा येथे दुय्यम प्रश्न आहे. कलम १३(१३) नुसार मागणी नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला तारण मालमत्ता बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि अन्य कोणत्याही प्रकारे हस्तांतरितही करता येत नाही. नेहमीच्या धंद्यातील व्यवहारांना तेथे सूट आहे, पण राहता फ्लॅट विकणे त्यात बसत नाही. शिवाय कलम २९ नुसार या कायद्याच्या तरतुदींचा भंग करणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटीस ठाऊक असताना संमतीशिवाय पुढे गेलात, तर "आम्हाला माहीत नव्हते" हा बचाव तुम्हाला उरत नाही. ती खूण तुम्ही पाहिली आहे, फोटोही पाहिला आहे.

दहा लाखांनी खाते नियमित होईल, हा हिशेबही तपासून पाहा. एकदा खाते एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज) झाले की केवळ काही हप्ते भरून ते पूर्ववत होत नाही. मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरली तरच ते नियमित करता येते, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यातच १३(२) च्या नोटिशीत थकलेल्या हप्त्यांचीच नव्हे, तर संपूर्ण येणे रकमेची मागणी असते आणि तो आकडा नोटिशीच्या तारखेचा असतो. पुढचे व्याज आणि खर्च रोज वाढत राहतात. तुमचे दहा लाख मालकांच्या खात्यात गेले आणि ते दुसऱ्या एखाद्या देणेकऱ्याला दिले गेले (बुडत्या माणसाच्या दारात बँक एकटी उभी नसते), तर बँकेच्या लेखी तुमचे अस्तित्वच नाही.

नोटिशीचे साठ दिवस संपल्यावर बँक १३(४) खाली ताबा घेऊ शकते. बहुधा आधी सांकेतिक ताबा असतो: दारावर नोटीस लागते आणि दोन वृत्तपत्रांत ती छापून येते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. तुमच्याकडे वीस दिवस आहेत असे मी म्हणणार नाही, कारण साठाव्या दिवशीच सगळे घडते असे नाही. पण त्या दिवसानंतर सूत्रे बँकेच्या हातात जातात.

मार्ग आहे आणि तो बँकेतूनच जातो. मालकांना सोबत घेऊन शाखेत नव्हे, तर ज्या अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने नोटीस निघाली त्याच्याकडे जा. विक्रीला लेखी संमती, ठराविक तारखेपर्यंतची पूर्ण येणे रक्कम आणि ती भरल्यावर कोणते मूळ दस्त परत मिळणार याची यादी, या तिन्ही गोष्टी बँकेच्या पत्रावर घ्या. रक्कम पे-ऑर्डरने थेट त्या कर्जखात्यात भरा, मालकांच्या बचत खात्यात कधीही नाही. चांगला खरेदीदार समोर असेल तर बँका सहसा अडवत नाहीत, कारण लिलावाची दगदग त्यांनाही नको असते.

चिंचवडचा एक खरेदीदार

वरील सल्ला मी पाळला होता, तरीही आठ महिने अडकलो. नोटीस असलेला फ्लॅट घेतला, गृहकर्जाची पूर्ण रक्कम बँकेत भरली, कर्ज फिटल्याचे पत्रही मिळाले. मूळ दस्त मागायला गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने फाइल उघडून आतले दुसरे पान माझ्याकडे वळवले. मालकांनी भावाच्या धंद्यासाठी त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतून घेतलेल्या कर्जाला हाच फ्लॅट तारण होता. मी फक्त एका खात्याचा आकडा विचारला होता आणि बँकेने नेमके तेवढेच उत्तर दिले होते. शेवटी भावाने तडजोड केली, म्हणून दस्त सुटले.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्त परत करावे लागतात आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई मिळते. पण फ्लॅट दुसऱ्या कर्जालाही तारण असेल, तर ही तरतूद कामाला येत नाही. म्हणून "या मालमत्तेवर आपल्या बँकेच्या कोणत्याही शाखेचे, कोणत्याही खात्यापोटी आणि कोणत्याही जामिनापोटी येणे राहणार नाही" असे वाक्य पत्रात घालून घ्या. सोबत सेरसाईच्या (तारणांची केंद्रीय नोंदणी) संकेतस्थळावर शोध घ्या. शुल्क किरकोळ आहे आणि अन्य वित्तसंस्थांनी नोंदवलेले तारण तेथे दिसते.

दिवाणी वकील

वरील दोघांनी बँकेची बाजू पुरेशी सांगितली आहे. मी कागदांविषयी लिहितो. नोटरीसमोर केलेले साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांमुळे तुम्ही मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मालकांच्या निधनानंतर साधे कुलमुखत्यारपत्र संपुष्टात येते आणि इसाराच्या वसुलीसाठी तुम्ही वारसांच्या मागे लागता. साठेखत करायचेच असेल तर ते बँकेच्या संमतीनंतर, मुद्रांक शुल्क भरून नोंदवलेले असावे आणि ठरलेल्या मुदतीत बँकेने दस्त सोडले नाहीत तर रक्कम परत करण्याची अट त्यात असावी. दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या दस्तनोंदींचा शोध मात्र वकिलाकडूनच घ्या.

दुसरा धोका मुदतीचा. कलम १३(८) मध्ये २०१६ साली झालेल्या बदलानंतर, लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंतच पूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क कर्जदाराला उरतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी यावर शिक्कामोर्तब केले. त्यात लिलावात सर्वोच्च बोली ठरल्यानंतर कर्जदाराने पैसे भरून मालमत्ता सोडवली होती आणि निकाल येण्याआधीच ती तिसऱ्या कंपनीकडे हस्तांतरितही केली होती. अखेर न्यायालयाने लिलावातील खरेदीदाराची बाजू उचलून धरली आणि ती तिसरी कंपनी वादात ओढली गेली. तुमच्या व्यवहारात तिसरी कंपनी म्हणजे तुम्ही. त्यामुळे रक्कम भरण्याच्या दिवशी लिलावाची जाहिरात निघालेली नाही, हे बँकेकडून लेखी घ्या. मालकांनी पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला असेल, तर त्याची प्रतही मागा.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. आज अधिकृत अधिकाऱ्यांना भेटलो. मालक सोबत होते आणि लेखी संमतीसाठी त्यांनी तेथेच अर्ज दिला. इसाराचे दहा लाख देण्यास आम्ही नकार दिला, तेव्हापासून एजंटचा फोन आलेला नाही. एकच शंका राहते. बँकेची सगळी येणे रक्कम बँकेला आणि उरलेली मालकांना द्यायची, तर एक टक्का टीडीएस (खरेदीदाराने किमतीतून कापून सरकारला भरायचा आयकर) कोणाच्या वाट्यातून कापायचा?

दिवाणी वकील

व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने तो कापावाच लागेल, पैसे बँकेत गेले तरीही. कपात मालकांच्या पॅनवर आणि पूर्ण किमतीवर होईल. ६८ लाखांवर ६८ हजार. बँकेची रक्कम पूर्ण भरा आणि कपात मालकांना देय असलेल्या उर्वरित रकमेतून करा, अन्यथा कर्जखात्यात ६८ हजार बाकी राहून दस्त पुन्हा अडकतील. मुद्रांक शुल्काचे सरकारी मूल्यही आधीच पाहून घ्या. ते किमतीपेक्षा जास्त असेल तर टीडीएस त्यावर धरतात आणि ते ७४ लाख ८० हजारांच्या वर, म्हणजे किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक निघाले, तर फरकाची रक्कम तुमचे उत्पन्न समजून तिच्यावर तुम्हाला आयकर भरावा लागेल.