नदीला ‘सीनिक’ दर्जा मिळाला की नेमकं काय थांबतं?

प्रश्न: अमेरिकेत १९६८च्या ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ (रानटी आणि निसर्गरम्य नद्या) कायद्यात नदी आली की तिथे धरण होत नाही म्हणतात. मग काठच्या खासगी जमिनी सरकारजमा होतात का? होड्या बंद?

कलमकसाई: नाही हो, ही भीती उगाच पसरवलेली आहे. जमीन मालकाचीच राहते, तिच्या वापराचे नियम राज्य आणि स्थानिक संस्थाच ठरवतात. होड्याही चालतात. खरी मेख कलम ७ मध्ये आहे: केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाला नदीच्या दर्जा मिळालेल्या पट्ट्यात धरणाचा किंवा जलविद्युत प्रकल्पाचा परवाना देताच येत नाही.
अशा नद्यांचे वर्ग तीन आहेत. ‘वाइल्ड’पर्यंत साधारण पायवाटेनेच पोचता येतं, ‘सीनिक’ला कुठेकुठे रस्ता भिडतो, ‘रिक्रिएशनल’च्या (करमणुकीच्या) काठाने रस्ता, रेल्वे, थोडी वस्तीही चालते. त्यामुळे नाव ‘सीनिक’ असलं तरी निसर्गचित्रासारखी नदी डोळ्यांपुढे आणू नका.

शंकासुर: आणि वरच्या अंगाला धरण बांधलं तर? पाणीच आलं नाही तर दर्जा काय चाटायचाय?

कलमकसाई: रास्त. तिथे कायदा जरा सैल पडतो. पट्ट्याबाहेरच्या धरणाला सरसकट बंदी नाही. त्याने पट्ट्यात अतिक्रमण होऊ नये आणि तिथलं निसर्गसौंदर्य, मासे, वन्यजीव, करमणूक यांची अवाजवी हानी होऊ नये, एवढंच. ‘अवाजवी’ म्हणजे किती, यावर वकिलांची पोटं भरतात.

शंकासुर: वाटलंच!